चारशे हिट, टिकले साठ: एसआय-आरएनए स्क्रीनची आकडेमोड कुठे घसरते

एसआय-आरएनए म्हणजे ठरावीक जनुक बंद पाडणारे आरएनएचे छोटे तुकडे; ते वापरून हजारो जनुकं एकेक करून तपासणं म्हणजे स्क्रीन, आणि त्यात परिणाम दाखवणारं जनुक म्हणजे हिट. अशा एका स्क्रीनबद्दल आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. सुमारे ७,००० जनुकं, प्रत्येक जनुकाविरुद्ध चार एसआय-आरएनएंचा एक पूल (एकत्र मिश्रण), ३८४ वेलच्या (छोट्या खाचांच्या) प्लेटा आणि तीन रेप्लिकेट (त्याच प्रयोगाच्या पुनरावृत्ती). ट्रान्सफेक्शननंतर (एसआय-आरएनए पेशींत घातल्यावर) ७२ तासांनी एटीपीच्या (जिवंत पेशींतल्या ऊर्जेच्या रेणूच्या) ल्युमिनेसन्सवरून, म्हणजे प्रकाशावरून, किती पेशी जगल्या ते मोजलं. प्रत्येक प्लेटवर झेड-स्कोअर (सरासरीपासून किती प्रमाण विचलनं दूर) काढून ±२ च्या बाहेरची सुमारे ४०० जनुकं निवडली. मग पूल सोडवून चारही एसआय-आरएनए वेगवेगळे तपासले, तेव्हा ‘चारपैकी किमान दोन’ या नियमात ६० जनुकं टिकली. आता झेडची मर्यादा ३ करावी, की रेप्लिकेट वाढवावेत?

दोन्हींनी मूळ दुखणं जाणार नाही. झेड किंवा पी-व्हॅल्यू ‘या वेलमध्ये टाकलेल्या एसआय-आरएनएनं पेशींवर परिणाम केला का’ याचं उत्तर देते. तुम्हाला हवं आहे ‘हे जनुक बंद पडल्यामुळे परिणाम झाला का’ याचं उत्तर. पहिल्या उत्तरात वेलची जागा, ट्रान्सफेक्शनचा दिवस आणि सीडमुळे (एसआय-आरएनएच्या एका टोकाच्या काही अक्षरांमुळे) बंद पडलेली भलतीच जनुकं हे सगळं मिसळलेलं असतं. रेप्लिकेट वाढवले की यादृच्छिक गोंधळ कमी होतो, पण ऑफ-टार्गेट, म्हणजे भलत्याच जनुकांवरचा, परिणाम प्रत्येक रेप्लिकेटमध्ये तितक्याच इमानदारीनं परत येतो.

आधी तुमचेच आकडे बघू. सामान्य वितरणात ±२ च्या बाहेर ४.५५ टक्के निरीक्षणं पडतात. ७,००० च्या ४.५५ टक्के म्हणजे साधारण ३१८. एकही जनुक पेशींच्या जगण्याशी संबंधित नसतं तरी ही मर्यादा सुमारे तीनशे नावं देणारच होती. ±३ ला ही संख्या १९ वर येते, म्हणून मर्यादा वाढवल्यावर यादी सुधारल्यासारखी वाटते. पण खऱ्या स्क्रीनमध्ये वितरणाच्या शेपट्या सामान्य वितरणापेक्षा जाड असतात आणि त्या जाडपणात खरे हिट, कडेचे वेल आणि सीडचे परिणाम एकत्र बसलेले असतात. मर्यादा सरकवून ते वेगळे होत नाहीत.

एक साधी तपासणी आजच करा. ४०० पैकी ऋण बाजूचे किती आणि धन बाजूचे किती ते मोजा. पेशी मरण्याला शेकडो जैविक कारणं असतात. ७२ तासांत नेहमीपेक्षा बऱ्याच जास्त पेशी व्हायला फार थोडी. काही ट्यूमर सप्रेसर (पेशींची वाढ रोखणारी) जनुकं बंद पडली की तसं होतं, पण धन बाजूला दीडशे नावं असतील तर ती बहुतांश गोंधळाची आहेत. ऋण बाजूलाही साधारण तितकाच गोंधळ लपलेला आहे असं धरून चाला.

आता ‘चारपैकी दोन’. हा नियम ऐकायला कडक वाटतो. तो किती कडक आहे, हे तुमच्या पेशींत कुठलाही एसआय-आरएनए मर्यादा ओलांडण्याचं पार्श्वभूमीचं प्रमाण किती, यावर ठरतं. ते ५ टक्के असेल तर चारपैकी किमान दोन निव्वळ योगायोगानं जुळण्याची शक्यता १.४ टक्के, म्हणजे ४०० मध्ये पाच-सहा जनुकं. ते १५ टक्के असेल तर हीच शक्यता सुमारे ११ टक्के होते, म्हणजे ४०० मध्ये ४४ जनुकं. तुमची ६० टिकली आहेत. पार्श्वभूमी १५ टक्क्यांची असेल तर त्या साठांतली बहुतेक नावं फुकटची आहेत. ट्रान्सफेक्शनला नाजूक पेशी आणि ५० नॅनोमोलरसारखी मात्रा असेल तर १५ टक्के हा आकडा मुळीच अशक्य नाही.

ही पार्श्वभूमी मोजायची कशी? एकच नॉन-टार्गेटिंग (कुठल्याच जनुकाविरुद्ध नसलेला) एसआय-आरएनए सोळा वेलमध्ये टाकून नाही. त्यानं एकाच सीडचा स्वभाव सोळा वेळा कळतो. वेगवेगळ्या सीडचे किमान दहा-वीस नॉन-टार्गेटिंग एसआय-आरएनए घ्या. त्याहून चांगला संदर्भगट तुमच्या लायब्ररीतच (एसआय-आरएनएंच्या संचातच) पडून आहे: तुमच्या पेशीवंशात जी जनुकं व्यक्तच होत नाहीत, त्यांच्याविरुद्धचे एसआय-आरएनए. त्या पेशींचा आरएनए-सीक्वेन्सिंगचा डेटा घ्या, अभिव्यक्ती जवळजवळ शून्य असलेली जनुकं वेगळी काढा आणि त्यांच्या एसआय-आरएनएंपैकी किती टक्के मर्यादा ओलांडतात ते पाहा. ज्या जनुकाचा संदेशच (एमआरएनए) बनत नाही ते बंद पाडून पेशी मरत असेल, तर कारण दुसरीकडे आहे. हेच प्रमाण वरच्या गणितात घाला. आणि साठांच्या यादीत अशी अव्यक्त जनुकं असतील तर ती लगेच काढून टाका.

आता उगमाकडे, म्हणजे कच्च्या प्लेटांकडे. ३८४ च्या प्लेटवर १६ ओळी आणि २४ रकाने असतात. बहुतेक जण रकाना १, २, २३ आणि २४ कंट्रोलसाठी (तुलनेच्या वेलसाठी) राखतात आणि ३२० वेल नमुन्यांना उरतात. ७,००० जनुकांना २२ प्लेटा, तीन रेप्लिकेट धरून ६६. या मांडणीत एक खोच आहे: कडेच्या ७६ वेलपैकी रकाना १ आणि २४ पूर्णपणे कंट्रोलचे आहेत. कडेला बाष्पीभवन जास्त होतं, इन्क्युबेटरमध्ये ठेवताना कड आधी गरम होते आणि पेशी एका बाजूला गोळा होतात. म्हणजे निगेटिव्ह (परिणाम न करणारा) कंट्रोलच वाकडा असतो, आणि त्याच्या तुलनेत टक्केवारी काढली की सगळी प्लेट वाकडी होते. शक्य असेल तिथे काही कंट्रोल प्लेटच्या आत पसरवा. पेशी पेरल्यावर प्लेटा अर्धा ते एक तास खोलीच्या तापमानाला, एकावर एक न रचता ठेवून मग इन्क्युबेटरमध्ये नेल्या तर कडेचा परिणाम बराच उतरतो. ही दुरुस्ती कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा चांगली.

डेटा हातात आल्यावर ६६ प्लेटांचे रंगीत नकाशे एका पानावर छापा आणि डोळ्यांनी बघा. डिस्पेन्सरची एक नळी तुंबली असेल तर ठराविक अंतरानं ओळी फिक्या दिसतात. मग आकड्यांत तपासा: नमुन्यांपैकी ए आणि पी या ओळींत ४० वेल आहेत, म्हणजे ३२० चे १२.५ टक्के. तुमच्या हिटांपैकी ३० टक्के या दोन ओळींत असतील, तर तुमच्या यादीत प्लेटचा आकार उतरला आहे.

आणखी एक फसवा आकडा म्हणजे रेप्लिकेटमधला सहसंबंध. तिन्ही रेप्लिकेटमध्ये मांडणी एकच असेल तर कडेचा परिणामही तीनदा तसाच येतो आणि सहसंबंध फुगतो. कंट्रोल धरून काढला तर आणखीच फुगतो, कारण मारक कंट्रोलचा एक गठ्ठा खाली आणि बाकी सगळे वर, एवढ्यावरच रेष सरळ जाते. सहसंबंध काढायचा तो कंट्रोल वगळून आणि जागेची दुरुस्ती केल्यानंतर. तो आकडा उतरला की वाईट वाटतं, पण खरा आकडा तोच असतो.

प्लेटांची गुणवत्ता तपासताना १९९९ मध्ये मांडलेला झेड-प्राइम वापरतात: दोन कंट्रोलच्या प्रमाण विचलनांची बेरीज गुणिले ३, भागिले त्यांच्या सरासरीतला फरक, आणि हे १ मधून वजा. रासायनिक रेणूंच्या स्क्रीनमध्ये ०.५ च्या वर पाहिजे असा दंडक आहे. एसआय-आरएनएला तो जसाच्या तसा लावला तर चांगल्या प्लेटा फेकल्या जातात. उदाहरणार्थ लॉग-२ प्रमाणात निगेटिव्ह कंट्रोल १५.३, विचलन ०.२५, पीएलके१ (पेशीविभाजनाला लागणारं जनुक) विरुद्धचा मारक कंट्रोल १२.९, विचलन ०.३५. झेड-प्राइम येतो १ − ३ × ०.६० ÷ २.४ = ०.२५. नापास वाटतं. पण एसएसएमडी, म्हणजे सरासरीतला फरक भागिले दोन्ही विचलनांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ, येतो सुमारे ५.६. हे दोन गठ्ठे एकमेकांपासून स्पष्ट वेगळे आहेत. मी झेड-प्राइम शून्याच्या वर असलेल्या प्लेटा ठेवतो, पण एसएसएमडीसोबतच वाचतो. आणि कंट्रोल फार जोरदार असेल तर दोन्ही आकडे छान दिसतात हेही ध्यानात ठेवा. मध्यम ताकदीचा एक मारक कंट्रोल सोबत असला तर स्क्रीनची खरी नजर कळते.

सामान्यीकरणाचा क्रम असा ठेवा. आधी लॉग. ल्युमिनेसन्समध्ये गोंधळ गुणाकारानं वाढतो, लॉग घेतल्यावर तो सगळीकडे सारखा होतो. मोजमाप ‘संसर्ग झालेल्या पेशींचं प्रमाण’ असं टक्केवारीत असेल तर लॉजिट घ्या, म्हणजे प्रमाण भागिले (१ वजा प्रमाण) याचा लॉग. मग जागेची दुरुस्ती. त्यासाठी बी-स्कोअर प्रचलित आहे: ओळींचा मध्यक वजा, रकान्यांचा मध्यक वजा, आकडे स्थिर होईपर्यंत हेच परत, आणि उरलेल्या फरकाला प्लेटच्या पसाऱ्यानं भागणं. पसारा मोजायला प्रमाण विचलन नको, एमएडी घ्या, म्हणजे मध्यकापासूनच्या अंतरांचा मध्यक, गुणिले १.४८२६. प्लेटचा मध्यक १५.२०, एमएडी ०.२२ असेल तर पसारा ०.३२६; १४.०२ वाचणाऱ्या वेलचा स्कोअर −३.६. तिथेच साधं प्रमाण विचलन वापरलं तर प्लेटवरचे दहा-बारा खरे हिट ते फुगवतात आणि तोच वेल −२ च्या आसपास येऊन पडतो. जोरदार हिट शेजारच्या मध्यम हिटांना झाकतात ते असे.

बी-स्कोअर कुठे उलटतो तेही सांगतो. एका ओळीत २० नमुने आहेत. त्यातले सात-आठ खरोखर मारक असतील तर ओळीचा मध्यक खाली सरकतो, खरे हिट बोथट होतात आणि त्याच ओळीतले निरुपद्रवी वेल उंच दिसतात. लायब्ररी जनुककुळांनुसार भरलेली असेल तर हे हमखास होतं, कारण प्रोटिअसोमचे घटक एकाच प्लेटवर शेजारीशेजारी येतात. अशा वेळी सगळ्या प्लेटांवर त्याच जागेच्या वेलचा मध्यक काढून जागेचा पूर्वग्रह मोजा. तिथे २२ वेगवेगळी जनुकं आहेत, त्यामुळे एका कुळाचा प्रभाव उरत नाही. हा उपाय फक्त सगळ्या प्लेटांवर सारख्या असलेल्या आकृतिबंधाला लागू पडतो. आणि पूल सोडवलेल्या पुष्टीच्या प्लेटांवर नमुन्यांचा मध्यक वापरूच नका. तिथे निम्मे वेल हिट असू शकतात, ‘बहुतेक जनुकं निष्क्रिय’ हे गृहीतक तिथे मोडतं. तिथे भरपूर आणि पसरलेले निगेटिव्ह कंट्रोल हाच आधार. तुमच्या साठांचा हिशेब प्लेटच्या मध्यकावर झाला असेल तर तो आधी परत करा. सेलएचटीएस२ या बायोकंडक्टरच्या (जैविक डेटासाठीच्या सॉफ्टवेअर-संग्रहाच्या) पॅकेजमध्ये यातली बरीच पावलं आहेत.

तीन रेप्लिकेटवर साधी टी-टेस्ट लावणं ही सर्रास दिसणारी चूक. दोन जनुकं घ्या. पहिल्याचे लॉग-२ बदल −०.३०, −०.३१, −०.२९. दुसऱ्याचे −२.०, −१.४, −२.९. पहिल्यात पेशी १९ टक्के घटल्या, दुसऱ्यात ७७ टक्के. टी-टेस्ट पहिल्याला पी ०.०००४ देते आणि दुसऱ्याला ०.०४. सात हजारांतून पी-व्हॅल्यूवर निवड केली की दुसरं जनुक गळतं आणि पहिलं यादीच्या माथ्यावर बसतं, कारण तीन आकड्यांवरून काढलेलं विचलन कधीकधी योगायोगानंच चिमुकलं येतं. लिम्मा या सांख्यिकी पॅकेजसारखी पद्धत सगळ्या जनुकांच्या विचलनांकडे बघून प्रत्येकाचं विचलन मधल्या किमतीकडे ओढते, त्यानं हा प्रकार थांबतो. सोबत परिणामाच्या आकाराची एक किमान अटही ठेवा. बेंजामिनी-हॉकबर्ग (एकाच वेळी अनेक चाचण्या केल्याबद्दलची) दुरुस्ती त्यानंतर लावा, पण तिच्याकडून भलती अपेक्षा ठेवू नका. ५ टक्के एफडीआरचा (खोट्या शोधांच्या प्रमाणाचा) अर्थ ‘यातल्या सुमारे ५ टक्के वेलमध्ये काहीच घडलेलं नसेल’ एवढाच. ऑफ-टार्गेटनं मेलेल्या पेशी खरोखरच मेलेल्या असतात. एफडीआरच्या दृष्टीनं तो खरा हिट असतो.

आता ऑफ-टार्गेट, कारण तुमच्या ३४० गळालेल्या जनुकांतला मोठा हिस्सा इथला असणार. एसआय-आरएनएच्या गाइड (लक्ष्य शोधणाऱ्या) पट्टीतली ५ प्राइम टोकाकडून २ ते ८ ही अक्षरं म्हणजे सीड. ती मायक्रोआरएनएसारखी (जनुकांचं नियमन करणाऱ्या पेशीतल्याच छोट्या आरएनएसारखी) वागतात आणि शेकडो संदेशांच्या ३ प्राइम यूटीआरमध्ये (प्रथिनाचा मजकूर संपल्यानंतरच्या भागात) जुळणी शोधून त्यांची पातळी थोडी थोडी उतरवतात. पेशीतलं एखादं प्रथिन पातळीला फार संवेदनशील असलं की सगळी स्क्रीन त्याच्याभोवती फिरते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, डीएनएच्या समजात पुनर्संयोगावरच्या जनुकसंच-व्यापी स्क्रीनमध्ये अनेक हिट एसआय-आरएनए प्रत्यक्षात आरएडी५१ (याच पुनर्संयोगातलं प्रमुख प्रथिन) खाली आणत होते. त्याआधी टीजीएफ-बीटाच्या (पेशींमधल्या एका संकेतमार्गाच्या) स्क्रीनमध्येही असंच आढळलं होतं, तिथे भलतंच लक्ष्य त्या मार्गाचे रिसेप्टर होते. २००८ मध्ये एचआयव्हीला लागणाऱ्या मानवी जनुकांच्या तीन मोठ्या स्क्रीन लागोपाठ आल्या, प्रत्येकीत दोनशे ते तीनशे नावं, आणि तिन्हींत सामाईक निघालेली जनुकं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. पेशी, विषाणूचा प्रकार आणि मोजण्याची वेळ वेगळी होती, सुटलेले खरे हिटही होते; पण सीडचा वाटा त्यात नक्कीच होता.

सीडची तपासणी आकड्यांनी करता येते. सहा अक्षरांचे सीड एकूण ४,०९६. तुमच्या लायब्ररीत २८,००० एसआय-आरएनए आहेत, म्हणजे प्रत्येक सीड सरासरी सातेक वेळा येतो, दरवेळी वेगळ्या जनुकाविरुद्ध. सात अक्षरांचे १६,३८४ होतात, तिथे प्रत्येकी दोनही मिळत नाहीत, म्हणून तपासणीला सहा अक्षरंच बरी. एकट्या एसआय-आरएनएंचा डेटा असेल तर समान सीडच्या सगळ्यांचे स्कोअर उरलेल्यांशी तुलना करून बघा. सातपैकी पाच मारक असतील तर त्या सीडवर टिकलेला प्रत्येक हिट संशयित धरा. पूलच्या डेटात एका वेलमध्ये चार सीड मिसळलेले असतात, तिथे सीडची उपस्थिती हे चल घेऊन रिग्रेशन करावं लागतं आणि नेमकेपणा कमी होतो. पूल केल्यानं प्रत्येक सीडची मात्रा चौथाई होते हा फायदा, पण चार सीड मिळून परिणाम करू शकतात हा तोटा. तुमच्या ४०० जनुकांचे १,६०० एसआय-आरएनए सुटे मोजलेले आहेतच, तिथून सुरुवात करा.

जनुकाचा एकत्रित स्कोअर काढताना सरासरी घेऊ नका. एक अतिमारक एसआय-आरएनए सरासरीला एकटाच ओढतो आणि नेमका तोच बहुधा ऑफ-टार्गेट असतो. आरएसए ही पद्धत सगळ्या एसआय-आरएनएंची क्रमवारी लावून, एका जनुकाचे किती जण वर गोळा झालेत याची हायपरजॉमेट्रिक शक्यता काढते. तिला ‘दोन मध्यम’ हे ‘एक जबरदस्त’ यापेक्षा वजनदार वाटतात, आणि इथे तसंच हवं.

पुढच्या वेळी पूल केलेली एसएच-आरएनए (विषाणूमार्फत पेशीत घालायचा, जनुक बंद पाडणारा आरएनए) लायब्ररी वापरणार असाल तर गणित वेगळं. तिथे घसरण पेशींच्या संख्येत होते. ५५,००० एसएच-आरएनए आणि प्रत्येकी ५०० पेशी धरल्या तर संसर्ग झालेल्या २.७५ कोटी पेशी लागतात. एमओआय (पेशीमागे विषाणूंची सरासरी संख्या) ०.३ ला फक्त २६ टक्के पेशींना विषाणू लागतो, म्हणजे सुरुवात १०.६ कोटींपासून. एवढं करून पीसीआरमध्ये १० मायक्रोग्रॅम डीएनए टाकला, तर तो जेमतेम १५ लाख पेशींचा झाला आणि ५०० चं कव्हरेज (प्रत्येक एसएच-आरएनएमागच्या पेशी) २७ वर आलं. संपूर्ण १८० मायक्रोग्रॅमचा पीसीआर वेगवेगळ्या नळ्यांत करून एकत्र करावा लागतो. नंतर कुठलंही पॅकेज वापरा, ही गळती परत मिळत नाही.

तुमच्या साठांपुरतं पुढचं काम असं. अव्यक्त जनुकं काढा, कुख्यात सीडवर उभी असलेली बाजूला ठेवा, पुष्टीच्या प्लेटा कंट्रोलवर परत सामान्यीकृत करा. उरलेल्या पंचवीस-तीसांसाठी प्रत्येकी सर्वांत जोरदार दोन एसआय-आरएनएंचे सी९११ कंट्रोल मागवा: त्यात ९, १० आणि ११ ही तीन अक्षरं पूरक अक्षरांनी बदललेली असतात, सीड शाबूत राहतो पण लक्ष्य संदेश कापला जात नाही. सी९११ नेही पेशी मरत असतील तर ते जनुक सोडा. मूळ मारतो आणि सी९११ मारत नाही अशी जी उरतील, त्यांच्यासाठी संदेश किती उतरला ते क्यूपीसीआरनं मोजा आणि तो उतार परिणामाच्या क्रमाशी जुळतो का बघा: ९० टक्के उतरवणारा एसआय-आरएनए सौम्य आणि ३० टक्के उतरवणारा मारक असं असेल तर पुन्हा सीडकडे वळा. हे जुळलं की एसआय-आरएनएला न जुमानणारा सीडीएनए (त्याच जनुकाची प्रत) घालून पेशी वाचतात का हे तपासायचं, किंवा क्रिस्परनं तेच जनुक तोडून बघायचं. मात्रा ५० नॅनोमोलर असेल तर हे सगळं १० नॅनोमोलरला करा.